घरातलं माणूस अनावर होतं तेव्हा: ११२, १०८ आणि सीपीआर रुग्णालय यांची सांगड कशी घालायची

आधी नंबर. ११२ पोलिसांसाठी, १०८ रुग्णवाहिकेसाठी, १४४१६ टेलिमानससाठी, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेसाठी. चौथा नंबर तुमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याचा लँडलाइन. कोल्हापुरात जुना राजवाडा, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी, राजारामपुरी, करवीर यांतलं आपलं ठाणं कुठलं, हे पुष्कळांना ऐनवेळी सांगता येत नाही. आजच चौकशी करा आणि नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये घाला, आईच्या साध्या फोनमध्येसुद्धा.

मी शुक्रवार पेठेत राहते. धाकट्या भावाला बायपोलर, म्हणजे कधी अती उत्साह तर कधी खोल उदासी असा मनाचा आजार आहे आणि त्याचं सगळं मीच बघते. हळूहळू पेठेतल्या, मग कागल-हातकणंगल्याकडच्या घरांतूनही फोन यायला लागले. सगळ्यांचं म्हणणं एकच असतं: ताई, आता कुणाला बोलवू? पोलिसांना बोलावलं तर मारतील, रुग्णवाहिका बोलावली तर हा बसणार नाही, दवाखान्यात नेलं तर ठेवून घेतील का?

पोलीस, रुग्णवाहिका आणि रुग्णालय, तिघांचंही काम कायद्याने ठरलेलं आहे. पण तिघं एकमेकांना विचारून चालत नाहीत. १०८ वाले म्हणतात पेशंट आवरायला पोलीस आणा, पोलीस म्हणतात डॉक्टरचा कागद आणा, डॉक्टर म्हणतात पेशंट इथं आणा. ही सांगड आज तरी घरच्यांनाच घालावी लागते. तयारी असेल तर ती घालता येते, हे मी खात्रीने सांगते.

फोन कधी करायचा

माणूस चिडलंय, औषध घेत नाही, चार दिवस अबोला धरलाय, एवढ्यावर ११२ फिरवू नका. त्यासाठी १४४१६ आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा चालू आहे, चोवीस तास आणि फुकट, मराठीत बोलता येतं. नाहीतर सकाळी ओपीडी गाठा.

ताबडतोब फोन करायचा तो या वेळी: जीव देण्याचं बोलतोय आणि साधन हाताशी आहे, हातात हत्यार आहे किंवा गॅस, काडीपेटीशी खेळ चाललाय, भान नसताना रस्त्यावर, घाटाकडे, रंकाळ्याकडे निघालाय, किंवा दोन-दोन दिवस अन्नपाणी बंद, एका जागी ताठ बसून आहे, हाक मारली तरी ओ देत नाही.

आणखी एक प्रकार आहे आणि त्यात लोक फार वेळ घालवतात. कालपर्यंत धडधाकट असलेले आजोबा अचानक असंबद्ध बोलायला लागले, घरच्यांना ओळखेनात. किंवा रोज पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली आणि दोन-तीन दिवसांत हात थरथरू लागले, भिंतीवर किडे दिसू लागले. घरात लगेच ‘बाधा झालीय’, ‘बाहेरचं आहे’ असं सुरू होतं. हे बहुतेक वेळा शरीरातून आलेलं असतं: ताप, लघवीचं इन्फेक्शन, साखर खाली जाणं, सोडियम कमी होणं, दारू सुटतानाचा झटका. यात जीव जाऊ शकतो. देवाला काय बोलायचं ते बोला, पण गाडीत बसून बोला. आधी १०८.

फोनवर काय बोलायचं

तुमचा १०८ चा फोन पुण्यातल्या केंद्रात उचलला जातो. ११२ चा आधी नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात जातो आणि तिथून कोल्हापूर पोलिसांकडे येतो. त्यामुळे ‘गंगावेशीत या’ म्हणून भागत नाही. जिल्हा, शहर, पेठ, मग खूण, या क्रमाने सांगा. मी असं बोलते आणि दुसऱ्यांकडूनही घोकून घेते:

‘कोल्हापूर जिल्हा, कोल्हापूर शहर, शुक्रवार पेठ, पंचगंगा हॉस्पिटलजवळ. माझा भाऊ मानसिक आजाराचा जुना पेशंट आहे. दोन रात्री झोपलेला नाही. हातात विळी आहे, स्वतःला इजा करीन म्हणतोय. अजून कुणाला लागलेलं नाही. घरात आई आणि मी आहोत. त्याला सीपीआरला न्यायचंय, तक्रार द्यायची नाही. १०८ लाही कळवलंय.’

यातलं एकही वाक्य गाळू नका. ‘जुना पेशंट’ म्हटलं की समोरच्याच्या डोक्यात गुन्हेगार येत नाही. हत्यार असेल तर लपवू नका, येणाऱ्या हवालदारालाही घर आहे. ‘अजून कुणाला लागलेलं नाही’ यामुळे येणारा माणूस सावध येतो, पण चवताळून येत नाही. आणि ‘पिसाळलाय’, ‘वेडा झालाय’ हे शब्द तोंडातून काढूच नका. ते ऐकून येणारा काठी घेऊनच उतरतो.

हत्यार असेल तर पहिला फोन ११२. विष घेतलंय, शुद्ध हरपलीय, रक्त जातंय, तर पहिला १०८. महाराष्ट्रात या गाडीत डॉक्टर असतो. दोन्ही फोन करा आणि प्रत्येकाला दुसऱ्याचं सांगा. ‘मानसिक पेशंटला गाडी देत नाही’ असं कुणी म्हणालं तर शांतपणे सांगा की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं २१ वं कलम शरीराच्या आणि मनाच्या पेशंटला रुग्णवाहिका सारखीच मिळाली पाहिजे असं सांगतं. पेशंट बाई असेल तर महिला पोलीस मागा.

गाडी येईपर्यंत

एकानेच बोलायचं, ज्याचं तो ऐकतो त्याने. टीव्ही बंद. आवाज खाली, वाक्यं छोटी. त्याला जे आवाज ऐकू येतात ते खोटे आहेत म्हणून वाद घालू नका आणि खरे आहेत म्हणून मानही डोलावू नका. ‘तुला भीती वाटतेय ना, मी इथंच आहे’ एवढं पुरतं. त्याच्या आणि दाराच्या मध्ये उभं राहू नका. दुसऱ्याने गुपचूप सिलिंडर बंद करायचा, विळ्या-सुऱ्या, गोळ्या, शेतीची औषधं बाहेर काढायची.

विष घेतलं असेल तर उलटी काढायला बोट घालू नका, मिठाचं पाणी पाजू नका. बाटली किंवा पुडी लेबलसकट पिशवीत घालून सोबत घ्या. डॉक्टरला तेच पहिलं हवं असतं.

तालमीची पोरं धावून येतात. चांगलंच आहे, पण त्यांना काम वाटून द्या: दोघं गल्लीच्या तोंडाला गाडीला वाट दाखवायला, दोघं दुचाक्या बाजूला करायला, एक म्हाताऱ्या आईजवळ. खोलीत गर्दी नको. मोबाइलवर शूटिंग करणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा. माणूस पंधरा दिवसांत बरा होऊन कामावर जातो, व्हिडिओ मात्र वर्षानुवर्षं फिरत राहतो.

पोलीस आल्यावर

त्याच २०१७ च्या कायद्याचं १०० वं कलम पोलिसांवर कर्तव्य टाकतं. मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका असलेली, किंवा स्वतःची काळजी घेऊ न शकणारी, भटकत असलेली व्यक्ती हद्दीत सापडली तर तिला संरक्षणाखाली घ्यायचं आणि लवकरात लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत, जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचं. लॉकअपमध्ये ठेवायला मनाई आहे. हे कलम मराठीत छापून घ्या, ठळक अक्षरात, एका पानावर.

एकदा रात्री आलेले साहेब दारातूनच म्हणाले, ‘घरातला मामला आहे, सकाळी बघू.’ मी वाद घातला नाही. फाइलीतलं पान काढलं आणि मोबाइलचा उजेड धरला. त्यांनी वाचलं, परत पहिल्यापासून वाचलं, खालची ओळ बोटाने धरून ‘चोवीस तास’ असं पुटपुटले आणि ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितलं. पुढं तेच साहेब भावाशेजारी बसून सीपीआरपर्यंत आले, त्याच्याशी कुस्तीच्या गप्पा मारत. बऱ्याच पोलिसांना हे कलम कुणी कधी नीट दाखवलेलंच नसतं, त्यामुळे राग न धरता दाखवा.

साखळी, दोरखंड नको म्हणून सांगा. मानसिक पेशंटला साखळदंड घालायला ९५ व्या कलमाने बंदी आहे.

सीपीआरमध्ये

छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाची कॅज्युअल्टी चोवीस तास चालू असते. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्याला जोडलेलं आहे. केसपेपर निघाला की ड्युटीवरच्या डॉक्टरांना म्हणा, ‘मानसोपचाराचा कॉल द्या आणि तोवर साखर, बीपी, ताप बघा.’ पेशंट ओरडतोय म्हणून शरीराची तपासणी राहून जाणं, हे रुग्णालयात सहज घडतं. आठवण करून देणं आपलं काम.

जीव वाचवायला किंवा गंभीर इजा टाळायला कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो, हे ९४ वं कलम. नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे पेशंटने आपल्या वतीने निर्णय घ्यायला नेमलेला माणूस, हजर असेल तर त्याची संमती लागते. शॉक ट्रीटमेंट या तातडीच्या उपचारात बसत नाही. पुढं ठेवून घ्यायचं ठरलं आणि पेशंट स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तर ८९ व्या कलमाखाली प्रतिनिधीच्या अर्जावर ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं.

विष किंवा जखम असेल तर एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस होते आणि पोलीस जबाब घेतात. इथं घरचे घाबरून खोटं सांगतात, ‘चुकून प्यायला.’ असं करू नका, उपचार चुकतात. ११५ वं कलम म्हणतं की जीव देण्याचा प्रयत्न करणारा, उलट सिद्ध होत नाही तोवर, तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं ३०९ कलम राहिलेलंच नाही.

रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात न्या असं सांगितलं तर कारण लेखी मागा आणि रुग्णवाहिका मागा. औषधाच्या गुंगीतल्या माणसाला भाड्याच्या गाडीत घालून आंबा घाट उतरवू नका.

आणि घरी येऊन चार माणसांनी उचलून नेणारी खासगी ‘केंद्रं’. रात्री फोन केला की तासात येतात, म्हणून लोक भुलतात. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी दाखवल्याशिवाय आपलं माणूस कुणाच्याही हवाली करू नका.

दारामागची फाइल

आमच्याकडे दारामागच्या खिळ्याला प्लास्टिकची पिशवी टांगलेली आहे. आत आधारची झेरॉक्स, शेवटचा केसपेपर, औषधांची नावं आणि डोस, कशाची ॲलर्जी, डॉक्टरांचा नंबर, १०० व्या कलमाचं पान, आणि एका कागदावर मोठ्या अक्षरात: ‘याच्या डोक्याला हात लावू नका. चहा विचारा. कुस्तीबद्दल बोला.’ हा कागद भावाने स्वतः लिहिलाय, बरा असताना. तुमच्या माणसालाही बरा असतानाच विचारा, काय केलं की तुला बरं वाटतं. त्याच वेळी नामनिर्देशित प्रतिनिधी ठरवून घ्या. साध्या कागदावर त्याने नाव लिहून सही किंवा अंगठा दिला की १४ व्या कलमाप्रमाणे ते चालतं.

पेठेने काय करायचं

एकेका घराने किती धावायचं? अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात १९८७ मध्ये पोलिसांच्या गोळीने एक मानसिक रुग्ण मेला. पुढच्याच वर्षी तिथले पोलीस, विद्यापीठं आणि रुग्णांची कुटुंबं एकत्र बसली. निवडक पोलिसांना ४० तासांचं प्रशिक्षण द्यायचं, आणि त्यांनी आणलेला रुग्ण रुग्णालयाने परत न पाठवता लगेच ताब्यात घ्यायचा, अशी बोली झाली. मला यातली दुसरी अट जास्त मोलाची वाटते. कॅज्युअल्टीच्या बाकावर तासन्‌तास अडकून पडलेला हवालदार पुढच्या वेळी यायला कां-कूं करणारच.

आपल्याकडे याला कायद्याचा पाया आहे. पोलिसांना मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण सरकारने वरचेवर द्यावं, असं ३० वं कलम म्हणतं. गणपतीआधी प्रत्येक ठाण्यात शांतता समितीची बैठक होते, तिथं तालमीचे लोक बसलेलेच असतात. त्याच बैठकीत विषय काढा. डॉल्बीच्या रात्री आणि जागरणं यांनी बायपोलरच्या पेशंटची झोप मोडते, आणि झोप मोडली की झटका येतो; आमच्या घरी गणपतीचे दिवस म्हणजे पहाऱ्याचे दिवस असतात. पेशंट असलेल्या घरासमोर आवाज कमी करा, एवढं मंडळाने मान्य केलं तरी निम्मं काम होतं.

मग एक अर्ज लिहा, तीन प्रती: पोलीस अधीक्षक, महापालिका आयुक्त, सीपीआरचे अधिष्ठाता. मागण्या तीनच ठेवा. प्रत्येक ठाण्यात या कामाची माहिती असलेला एक अंमलदार आणि त्याचा नंबर. पोलीस पेशंट घेऊन आले की कॅज्युअल्टीत कुणाला भेटायचं, त्या पदाचं नाव. आणि महापालिकेच्या दवाखान्यांत हे सगळे नंबर लिहिलेला मराठी फलक. सह्या पेशंटच्या घरच्यांच्याच हव्यात असं नाही, शेजाऱ्यांच्या घ्या. आवक विभागात शिक्का मारून पोच घ्या आणि पंधरा दिवसांनी ती पोच घेऊन परत जा.