थकबाकीची यादी छापताना: रकान्यांची नावं आणि पानांची मांडणी

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या चार विंगच्या सोसायटीत सव्वाशे सदनिका असल्या की मेंटेनन्सची यादी एका पानात मावत नाही. नोटीस बोर्डावर तिसऱ्या पानासमोर उभ्या असलेल्या सभासदाला मग मुद्दल कुठलं आणि व्याज कुठलं तेच कळत नाही. एक्सेलमध्ये 'फ्रीझ पेन्स' (खाली सरकलं तरी वरची ओळ जागेवर धरणारी सोय) लावलेलं असतं, पण ते फक्त स्क्रीनपुरतं. छपाईशी त्याचा संबंध नाही.

आधी रकान्यांची नावं. त्यांच्यासाठी ओळ एकच ठेवा आणि तिथे 'मर्ज' करू नका, म्हणजे सेल एकमेकांत जोडू नका, नाहीतर पुढे सॉर्ट आणि फिल्टर दोन्ही अडतात. नाव लांब असेल तर ऑल्ट-एंटर दाबून त्याच सेलमध्ये दुसरी ओळ घ्या. नुसतं 'बाकी' लिहिलं की सभेत वाद ठरलेला, '३१ मार्चअखेर थकबाकी (रु.)' असं पूर्ण लिहा. रुपये नावातच आले, की खाली फक्त आकडे भरायचे. पावतीच्या सवयीने अनेकजण ३५००/- लिहितात आणि बेरीज तिथेच चुकते: एक्सेल त्याला मजकूर समजतं, 'सम' हे बेरजेचं सूत्र तो आकडा गुपचूप वगळतं, चुकीची सूचनाही येत नाही. अलाइनमेंट बदललेली नसेल तर असा आकडा सेलच्या डाव्या कडेला चिकटलेला दिसतो. खरा आकडा उजवीकडे असतो.

सदनिका क्रमांकाचा रकाना भरण्याआधी त्याचा फॉरमॅट 'टेक्स्ट' करा. ३-१२ लिहिलं की एक्सेल त्याची तारीख करतं. नंतर फॉरमॅट बदलून उपयोग नाही, पाच आकडी भलतीच संख्या उरते; क्रमांक पुन्हा टाइप करावा लागतो.

आता पान. 'पेज लेआउट'मध्ये सर्वांत आधी कागद एफोर आहे का पाहा. बऱ्याचदा तिथे 'लेटर' असतो. तो एफोरपेक्षा ६ मिमी रुंद आणि १८ मिमी आखूड, त्यामुळे पानं भलतीकडे तुटतात. आठ-नऊ रकाने असतील तर कागद आडवा घ्या. यादी फाइलला लावायची असेल तर पंचसाठी डावीकडे अडीच सेंटीमीटर सोडा.

मग 'प्रिंट टायटल्स' उघडा, 'रोज टू रिपीट ॲट टॉप'च्या चौकटीत क्लिक करा आणि शीटवर नावांची ओळ निवडा. कंट्रोल-पीच्या पडद्यावरून 'पेज सेटअप' उघडलं तर हीच चौकट फिकट दिसते आणि चालत नाही. बिघाड नाही, फक्त दार चुकलंय. 'पेज लेआउट'मधूनच जा.

रुंदीसाठी 'पेज सेटअप'च्या 'पेज' टॅबवर 'फिट टू'मध्ये रुंदी १ पान, उंचीची चौकट रिकामी. उंचीलाही १ दिलं तर सव्वाशे ओळी एका पानात कोंबल्या जातात आणि अक्षर मुंगीएवढं होतं. स्केल ७० टक्क्यांच्या खाली गेलं तर सरळ एखादा रकाना लपवा. मोबाइल नंबर बोर्डावर नकोतच.

'प्रिंट एरिया', म्हणजे शीटचा छापायचा भाग, ठरवून ठेवला असेल तर यादीच्या खाली नवी भर घातल्यावर तो पुन्हा ठरवा. शेवटचे दोन-तीन सभासद छपाईत गायब होतात ते याच कारणाने.

सोसायटीचं नाव शीटवर न लिहिता हेडरमध्ये द्या, फुटरमध्ये 'पान १ / ४' असा क्रमांक. हेडरमध्ये 'ए & बी विंग' लिहायचं तर & दोनदा टाका, एकदाच टाकलेलं & छापून येत नाही.

छपाई स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे होणार असेल तर एक्सेल फाइल नेऊ नका. प्रिंटर बदलला की पानं पुन्हा तुटतात, आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधलं मराठी तिथे तो फाँट नसेल तर अगम्य चिन्हांत उमटतं. घरीच पीडीएफ करा, चारही पानं उघडून बघा, आणि दुकानात 'ॲक्चुअल साइज'वर छापायला सांगा.