बेटावर राहताना सामानाचा हिशेब बोटीच्या तारखेवर नको

दूरच्या बेटावर राखणदारीला राहणार असाल, तर बोट ठरल्या दिवशी येईल असं धरून सामान मागवू नका. समुद्र खवळला की १५ दिवसांची फेरी महिन्यावर जाते. दोन फेऱ्या पुरेल इतका साठा कायम ठेवा. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी माणशी रोज ४ लिटर धरा.

यादी आठवणीवर करू नका. स्वयंपाकघरात वही टांगा. नवा डबा फोडला, सिलिंडर बदलला, की लगेच तारीख लिहा. दोन-तीन महिन्यांत खरा खप कळतो, आणि तो आपल्या अंदाजापेक्षा बराच वेगळा निघतो. औषधं, इंधन, जनरेटरचे फिल्टर यादीत सगळ्यात वर.

आणि एक अगदी कळकळीने सांगते: पुठ्ठ्याची खोकी बेटावर आणू नका. त्यांच्या घड्यांतून झुरळांची अंडी येतात. सामानातून उंदीर उतरले, तर जमिनीवर घरटी करणाऱ्या समुद्रपक्ष्यांची अंडी-पिल्लं वाचत नाहीत. बोटीत चढवण्याआधीच सगळं तपासून घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक पेट्यांत भरा. पेट्या एकट्याला उचलता येतील एवढ्याच भरा, कारण ओल्या खडकावर उतरताना एक हात मोकळा लागतो.

बटाटे अंधारात ठेवा, कांद्यापासून लांब.