बडोद्यात कारखान्यात लागताय? आधी गुजराती वाचायला शिका

नवीन येणारा आधी खोली कुठे घेऊ ते विचारतो. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत काम असेल तर जवळच माणेजा, तरसाळी बघा. बोलायची गुजराती महिन्याभरात येते. वाचायला मात्र पहिल्या आठवड्यातच लागा.

2014 साली पॉवर प्रेसमध्ये, म्हणजे पत्रा दाबून कापायच्या मशीनमध्ये, माझ्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. पट्टी अजून ओली होती, तेवढ्यात सुपरवायझर कागद घेऊन आला. "भाई, सही करी दो, खर्चो कंपनी आपशे." म्हणजे सही कर, खर्च कंपनी देईल. मी डाव्या हाताने दोन सह्या केल्या. महिन्याने गेलो तर गेटवर अडवलं, म्हणे तुम्हीच काम सोडलंत. शेजारच्या बेननी कागद वाचून दाखवले. एकात जखम घरी झाली असं होतं, दुसरा राजीनामा.

त्या दोन सह्यांनी काय गेलं ते बघा. कामावर इजा झाली तर ईएसआय, म्हणजे पगारातून वर्गणी कापतात तो कामगारांचा सरकारी विमा, पगाराच्या 90 टक्के भत्ता देतं, आणि वर्गणी किती दिवस भरली ते बघत नाही. साध्या आजारपणाला 70 टक्के, तेही वर्षात 91 दिवस. भत्ता चालू असताना कामावरून काढायला ईएसआयच्या 1948 च्या कायद्यात, कलम 73 खाली, मनाई होती. पण मीच राजीनामा दिलेला, मग ते कलम माझ्या काय कामाचं?

म्हणून अपघाताच्या वहीत त्याच दिवशी नोंद करायला लावा: मशीन, वेळ, पाहणाऱ्याचं नाव. पानाचा फोटो काढा. केसपेपरवर 'कामावर इजा' असं लिहिलंय ना, बघून घ्या. ठेकेदाराकडे असलात तरी ईएसआय लागतं, पगार 21,000 च्या आत हवा. पगार त्याच्या वर असेल तर मालकाकडून भरपाईचा दावा दोन वर्षांच्या आत करा. बरे होऊन आल्यावर ओव्हरटाइम बंद केला, झाडलोटीला लावलं, तर कारण लेखी मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्या.

दांडिया बाजारातली जुनी मराठी घरं गायकवाडांच्या वेळची. गणपतीत तुम्हाला मायेने जेवायला बसवतील. पण कारखान्याचं निघालं की "जाऊ दे, मिटवून घे" म्हणतात. त्यांच्यातल्या कितीजणांनी प्रेस चालवलाय? तिथे त्यांचं ऐकू नका. मी ऐकलं, आणि दाव्याची मुदत निघून गेली.

'राजीनामुं' हा शब्द गुजराती अक्षरांत कसा दिसतो, तेवढं आजच कोणाकडून तरी लिहून घ्या.