दोन्ही बाजूंनी घालायची क्रोशाची टोपी: या चुका टाळा

माझी पहिली अशी टोपी डोक्यावर छान बसली होती. मग हौसेने उलटवून घातली, तर कपाळाच्या बरोबर मध्यावर लोकरीचं शेपूट लोंबत होतं आणि मागे शिवणीचा जाड दोर उठून दिसत होता. साध्या टोपीत आपण सगळी घाण आतल्या बाजूला ढकलतो. या टोपीला आतली बाजूच नाही. पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका ही गोष्ट विसरल्यामुळे होतात.

सुरुवात टाका निवडण्यापासून. उठावदार पोत म्हटलं की हात फुग्यांच्या टाक्याकडे जातो, पण फुगे एकाच बाजूला येतात आणि दुसरीकडे सपाट, जरा ओबडधोबड जाळी उरते. एक खांब (उंच टाका) पुढून आणि एक मागून, असे खालच्या टाक्याच्या बुंध्याभोवती घातलेले खांब चालतात, कारण इकडून वर आलेला खांब तिकडून आत गेलेला असतो. फक्त हा पोत जाड होतो, रुंदीला आक्रसतो आणि लोकर भरपूर खातो. एक मुका खांब (खांबापेक्षा बुटका टाका), एक साखळी असा विणून पुढच्या ओळीत साखळीच्या जागेत मुका खांब घालायचा प्रकारही दोन्हीकडून सारखा दिसतो, मात्र तो कमी ताणतो. माझं मत विचाराल तर पहिल्या टोपीला टाक्याच्या मागच्या दोरीतून घातलेले अर्धे खांब (मुका खांब आणि खांब यांच्या मधल्या उंचीचे) घ्या, त्याने उंचवटा आणि खाच अशा पट्ट्या उठतात. एक चौकोन विणायचा, त्याची पहिली आणि शेवटची ओळ जोडायची आणि वरची कड आवळून शेंडा करायचा. ओळी आडव्या न ठेवता काठापासून शेंड्यापर्यंत उभ्या येऊ द्या, म्हणजे टोपी डोक्याभोवती रबरासारखी ताणते. गोल विणणार असाल तर प्रत्येक फेरीनंतर काम उलटवा, नाहीतर सुलट-उलट बाजू वेगळ्या दिसणारच.

इंग्रजी नमुना वाचून विणत असाल तर तो ब्रिटिश आहे की अमेरिकन, हे आधी बघा. ब्रिटिशांचा डबल क्रोशे म्हणजे अमेरिकनांचा सिंगल, आपला मुका खांब. इथे गल्लत झाली की टोपीचं मापच बदलतं.

आता सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट: कडा. चौकोन विणायला घेतला आणि वीस ओळींनंतर तो एका टोकाला निमुळता झाला, हे प्रत्येकीने अनुभवलं असेल. वळणाची साखळी (ओळ संपल्यावर काम उलटवताना घेतलेली) कधी टाका म्हणून मोजायची, कधी नाही, असं झालं की एकेक टाका गळतो किंवा वाढतो. अर्ध्या खांबासाठी मी वळताना एकच साखळी घेते, ती मोजत नाही, आणि पहिला खांब अगदी पहिल्याच टाक्यात घालते. ओळीच्या शेवटच्या टाक्यात रंगीत दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवा, तोच टाका हमखास सुटतो. दुसरा घोळ दोरीचा. टाक्याच्या डोक्यावर दोन दोऱ्या असतात. तुमच्यापासून लांबची ती मागची. काम उलटवल्यावर अर्ध्या खांबाला तुमच्या बाजूला, जवळच्या दोरीच्या खाली एक तिसरी दोरीही दिसते. चुकून सुई तिच्यात गेली की त्या जागी उंचवटा तुटलेला दिसतो, आणि तो दोन्ही बाजूंनी दिसतो. तेवढी ओळ उसवणं हाच उपाय. पुढे खपून जाईल अशी आशा करू नका, खपत नाही.

मापाचं म्हणाल तर डोक्याच्या घेराएवढीच टोपी विणणं ही चूक. ताणणाऱ्या पोतात टोपी ३ ते ५ सेंमी लहान हवी. ५६ सेंमी डोक्याला साधारण ५२ सेंमी धरा. १० सेंमीचा तुकडा विणून, धुऊन, वाळवून त्यातल्या ओळी मोजा. समजा ११ आल्या, तर हिशेब ५७ ओळींचा होतो, पण विणायच्या ५६ किंवा ५८. ओळींची संख्या सम नसेल तर जोडाच्या जागी उंचवट्याशेजारी उंचवटा येतो आणि खाच गायब होते. उंची २१ सेंमीच्या आसपास पुरते, काठ दुमडायचा असेल तर २७.

जोड लपवायची तयारी पहिल्या साखळीपासूनच करावी लागते. पहिली ओळ साखळीच्या पुढच्या बाजूने न घालता तिच्या पाठीवर गाठींसारख्या उठलेल्या दोऱ्यांतून घाला. मग खालची कड शेवटच्या ओळीसारखीच वेणीदार राहते. दोन्ही वेण्या समोरासमोर ठेवून, इकडची एक दोरी, तिकडची एक दोरी असं बोथट सुईने शिवलं की शिवण खाचेत बसते. स्लिप टाक्याने (सुईने दोरा नुसता ओढून घेतलेल्या, उंची नसलेल्या टाक्याने) जोडलं तर एका बाजूला साखळी उठते, आणि आपल्याला तर बाजू लपवायला जागाच नाही.

शेंड्याला सगळ्या ओळी एकदम आवळल्या की मध्ये भोक किंवा गाठोडं होतं. शेंड्याकडचे शेवटचे चार-पाच टाके अर्ध्या खांबांऐवजी मुक्या खांबांचे घेतले तर तिथला घेर आपोआप कमी होतो. आवळायला दोरा दुहेरी घ्या, एकेरी दोरा नेमका शेवटच्या ओढीला तुटतो. गोंडा लावायचाच असेल तर बटणावर लावा, म्हणजे टोपी उलटवली की तो दुसरीकडे नेता येतो.

लोकरीची टोकं निदान १५ सेंमी सोडा आणि खाचेतून एकदा वर, एकदा खाली, पुन्हा वर अशी फिरवा, तीही दोऱ्याचे पीळ भेदत. गाठ मारून कापू नका. नवा गुंडा ओळीच्या मध्यावर जोडू नका, शेंड्याकडच्या कडेला जोडा. ती कड पुढे आवळलेल्या शेंड्यात जाते.

आणि अॅक्रिलिक लोकरीला गरम इस्त्री लावू नका. पोत एकदा सपाट झाला की पुन्हा उठत नाही. मी अशी एक टोपी घालवली आहे, हल्ली तिच्यात माझ्या क्रोशाच्या सुया राहतात.