गोव्यातल्या स्वयंपाकघरासाठी ऑटोमॅटिक एस्प्रेसो मशीन निवडताना

मशीनची रुंदी सगळेच मोजतात, उंची विसरतात. कॉफीच्या बिया वरून भरायच्या असतात, म्हणून वरच्या कपाटाखाली झाकण उघडण्याइतकी जागा हवी. बहुतेक मशीन १४५० वॅटच्या आसपास असतात. ६ अँपिअरचा प्लग पुरत नाही, १६ चा लागतो.

खोक्यावर लिहिलेल्या ‘१५ बार’ दाबाला भुलू नका, कॉफी उतरते साधारण ९ बारलाच. खरं बघायचं ते ब्रू-युनिट, म्हणजे मशीनच्या आत कॉफी उतरवणारा भाग, बाहेर निघतं का. पावसाळ्यात ओल्या चोथ्याला लगेच बुरशी धरते. चोथ्याचा डबा रोज रिकामा करा. युनिट दर आठवड्याला नुसत्या पाण्याखाली धुऊन, पूर्ण वाळवूनच बसवा. साबणाने ग्रीस जातं आणि युनिट अडकतं.

तेलकट काळ्या बिया ग्राइंडरला चिकटतात. चिकोरीवाली पावडर तर नकोच. विहिरीचं पाणी वापरत असाल तर मशीनमध्ये पाण्याचा जडपणा नोंदवायची सोय हवी, नाहीतर क्षार काढायची सूचना योग्य वेळी येत नाही.