टूल्स कॉम्पिटिशनला उतरायचंय? आधी संशोधन परिषदा गाठा

लर्निंग इंजिनिअरिंग टूल्स कॉम्पिटिशन ही एडटेकमधली, म्हणजे शिक्षण तंत्रज्ञानातली जागतिक स्पर्धा २०२० पासून चालते. आधी छोटा गोषवारा, मग सविस्तर प्रस्ताव आणि शेवटी परीक्षकांपुढे ऑनलाइन सादरीकरण, अशा तिच्या पायऱ्या. अलीकडच्या फेऱ्यांत सुरुवातीच्या कल्पनांसाठीच्या कॅटलिस्ट गटाला ५०,००० डॉलर, तर त्यापुढच्या ग्रोथ गटाला १,५०,००० डॉलर बक्षीस होतं. आकडा वाचून नवखी टीम उत्साहाने लिहायला बसते आणि एका प्रश्नापाशी अडते: बाहेरच्या संशोधकांना तुमचा डेटा कसा वापरता येईल?

स्पर्धेच्या नावातलं 'लर्निंग इंजिनिअरिंग' ते हेच. नुसतं ॲप चांगलं असून भागत नाही. मुलं कशी शिकतात हे त्यातून इतरांनाही तपासता आलं पाहिजे. म्हणजे संशोधक सोबत हवा. तो लिंक्डइनवर मेसेज टाकून मिळत नाही, परिषदेत संशोधन मांडणाऱ्या पोस्टरसमोर मिळतो.

परिषदा दोन जातीच्या. पहिली बाजाराची: जानेवारीत लंडनला बेट (Bett), मार्चमध्ये ऑस्टिनला एसएक्सएसडब्ल्यू ईडीयू, एप्रिलमध्ये सॅन डिएगोला एएसयू-जीएसव्ही. तिथे गुंतवणूकदार, मोठ्या कंपन्या, देणगीदार संस्था असतात. दुसरी संशोधनाची: एज्युकेशनल डेटा मायनिंग (ईडीएम), एआय इन एज्युकेशन (एआयईडी), लर्निंग ॲनालिटिक्सची लॅक. खिशात एकाच परिषदेपुरते पैसे असतील तर दुसऱ्या जातीची निवडा, यात आम्हाला शंका नाही. २०२३ ची ईडीएम तर बंगळुरूलाच झाली होती. महाराष्ट्रातल्या टीमने तर सर्वांत आधी होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची एपिस्टीम परिषद आणि आयआयटी मुंबईतले शिक्षण तंत्रज्ञानाचे संशोधक गाठावेत. मानखुर्द आणि पवई, दोन्हीला व्हिसा लागत नाही.

वेळेचं गणित उलटं मांडा. गोषवाऱ्याची मुदत बहुधा सप्टेंबरच्या सुमारास असते. ईडीएम आणि एआयईडी बहुधा जुलैच्या सुमारास. पण विद्यापीठाची नैतिकता समिती आणि डेटा करार यांना महिने लागतात, त्यामुळे जुलैत पहिली ओळख झाली तर त्या वर्षी फार तर संशोधकाचं पाठिंब्याचं पत्र हाती येईल, चालू अभ्यास नाही.

आता पिशवीत काय न्यायचं. सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे तुमच्या लॉगच्या, म्हणजे ॲप आपोआप ठेवतं त्या वापराच्या नोंदींच्या २०-३० ओळी, एका कागदावर छापलेल्या. रकाने साधेच: नाव काढून टाकलेला विद्यार्थी क्रमांक, सत्र, वेळ, प्रश्न, पायरी, कितवा प्रयत्न, उत्तर बरोबर की चूक, सूचना (हिंट) मागितली का, आणि तो प्रश्न कोणतं कौशल्य तपासतो. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या डेटाशॉप या शिक्षणविषयक डेटाच्या भांडाराची रचनाही साधारण अशीच आहे, तेव्हा समोरचा संशोधक कागद पाहताच बोलू लागतो.

याच कागदावर चुकाही उघड्या पडतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत एक टॅब चार मुलं वापरतात आणि ॲप उपकरणाचा क्रमांकच विद्यार्थी क्रमांक म्हणून नोंदवतं. मग चौघांची प्रगती एका मुलाच्या नावावर जमा. दुसरी नेहमीची चूक ऑफलाइन वापराची. नेट आल्यावर सगळ्या नोंदी एकदम चढतात आणि त्यांना सर्व्हरची वेळ लागते. आठवडाभराचा सराव तीन सेकंदांत झालेला दिसतो! उपकरणावरची वेळ आणि चढवल्याची वेळ वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा. कौशल्याचा रकाना रिकामा असेल तर 'बेरीज' एवढंच लिहू नका. 'हातच्याची दोन अंकी बेरीज' लिहा.

खरी नावं, फोटो, शाळेचा यूडायस क्रमांक डेमोत दिसता कामा नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. संमतीपत्राचा मराठी नमुना आणि त्याचं इंग्रजी भाषांतर सोबत असू द्या.

डेमो सभागृहाच्या वायफायवर सोडू नका, ऐन गर्दीत ते हमखास मान टाकतं. ॲप ऑफलाइन चालणारं, शिवाय दीड मिनिटाचं स्क्रीन रेकॉर्डिंग. स्क्रीनवर मराठी असेल तर इंग्रजी सबटायटल द्या, भाषा बदलू नका. कमी साधनांच्या भाषेतला डेटा हीच तुमची जमेची बाजू आहे. पोस्टर ए-झिरो म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर, पण उभं की आडवं हे आयोजकांना विचारूनच छापा. कापडावर छापलं तर घडी घालून बॅगेत जातं.

बोलताना पहिल्या मिनिटात कंपनीची स्थापना, पुरस्कार, 'क्रांती' काहीच नको. एवढं पुरतं: "तिसरीची मुलं वजाबाकीत उसने घेताना कुठे चुकतात ते आमचं ॲप पायरीपायरीने नोंदवतं. सूचना लगेच द्यावी की दुसऱ्या चुकीनंतर, हे आम्हाला तपासायचंय. असा प्रयोग कुणी करतंय का?" इतका नेमका प्रश्न संशोधक टाळत नाहीत.

स्पर्धेच्या आयोजकांकडची माणसं भेटली तर बक्षिसाबद्दल विचारून वेळ दवडू नका, तो आकडा जाहीरच असतो. विचारा की आपलं साधन स्पर्धेच्या कोणत्या ट्रॅकमध्ये (विषयगटात) बसतं, आणि बाहेरच्या संशोधकाला डेटा देण्याची कोणती पद्धत ग्राह्य धरतात. मूल्यमापन सुरू झाल्यावर मात्र परीक्षकाला कॉरिडॉरमध्ये गाठून आपल्या प्रस्तावाबद्दल छेडू नये. ते काही सांगणार नाहीत आणि तुमची आठवण भलत्याच कारणाने राहील.

प्रत्येक कार्डाच्या मागे भेट संपताच दोन शब्द लिहा: काय बोलणं झालं, काय पाठवायचं कबूल केलं. दोन दिवसांत मेल जावा. त्यात पाच ओळी, लॉगचा नमुना आणि एकच मागणी, ती म्हणजे अर्ध्या तासाचा कॉल. पाठिंब्याचं पत्र पहिल्याच मेलमध्ये मागू नका. कॉलनंतर मागा, आणि मसुदा तुम्हीच करून द्या, म्हणजे त्यांना फक्त दुरुस्ती करून सही करावी लागेल.