घरच्या बैठकीत आपलं गाणं कसं गावं (इंदूरच्या गायकांसाठी)

दिवाणखान्यात २५-३० श्रोते असतील तर माइक नकोच. आवाजातले बारकावे तसेच पोचतात. पंखा बंद ठेवा. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत तबल्याची पुडी (वरचं कातडं) ताणून स्वर चढतो, पावसाळ्यात उतरतो. म्हणून तबला अर्धा तास आधी खोलीत आणून ठेवा, मगच सुरात मिळवा. मालकंस राग गाणार असाल तर तानपुऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी (प) मध्यमात (म) लावा.

इंदूर हे ख्यालगायक अमीर खाँसाहेबांचं गाव, त्यामुळे अतिविलंबित (अगदी संथ लयीतल्या) झुमरा तालाचा मोह होतोच. पण १४ मात्रांचं ते लांब आवर्तन भरायला स्वतःची बढत (रागाचा टप्प्याटप्प्याने विस्तार) नसेल, तर समेपर्यंत (तालाच्या पहिल्या मात्रेपर्यंत) आलाप नुसते रेंगाळतात आणि नक्कल उघडी पडते. त्यापेक्षा मध्यलयीतला एकताल हा ताल घ्या, वीस मिनिटं पुरे.

मग आजीकडून आलेली ओवी किंवा एखादं माळवी लोकगीत. त्यावर ताना लादू नका, शब्द गुदमरतात. आजीचे उच्चार, तिच्या श्वासाच्या जागा तशाच राहू द्या. तुमचं वेगळेपण तिथेच आहे. कुमारजींनी (गायक कुमार गंधर्व) देवासला राहून माळव्याच्या लोकधुनांतून राग घडवले, पण आधी त्या धुना कान देऊन ऐकल्या.

दुसऱ्या दिवशी ध्वनिमुद्रण ऐका. गुरूंच्या ज्या जागा (स्वरांची खास वळणं) निव्वळ सवयीने आल्या त्या वहीत टिपा आणि पुढच्या बैठकीत त्यांतल्या दोन गाळून बघा.